दादा, टाक्या रिकाम्याच ठेवल्या

दादा, तुझ्या दहाव्याच्या भाताला कावळा शिवला न शिवला तोच दत्ताभाऊंनी तुझ्या होडीसाठी चौथरा ठरवून टाकला. आपले चुलत भाऊ ते. चांगल्या कामाला उशीर लावणार नाहीत आणि नको त्या कामाला तर मुळीच नाही. घाटावरून येऊन सगळे तुझ्या हॉलमध्ये बसले होते. "वैजापूर रोडला, आपल्या फाट्यावर गोल चौथरा करू," ते म्हणाले, "वर होडी, खाली पाटी, भोवतीनं लायटिंग. येणारा-जाणारा इचारंल, कुणाची हाय? आपल्या वसंताची." सगळ्यांनी माना हलवल्या. वहिनीनंसुद्धा हलवली. मी चहाचे कप गोळा करत होते. ट्रे हातात तसाच धरून म्हणाले, "होडी चौथऱ्यावर जाणार नाय. समुद्रात जाणार हाय."

"कोण नेणार?"

"मी."

सगळ्या माना माझ्याकडं अशा वळल्या की वाटलं, माझ्या तोंडून काहीतरी अभद्र गेलं.

तू असतास तर हसू दाबायला आतल्या खोलीत पळाला असतास. पण तू नव्हतास, तुझा फोटो होता, आणि तोही पुतण्याच्या लग्नातला, फेटा बांधलेला. त्यात तू दुसऱ्याच कुणाचा तरी मामा दिसतोस. पेपरातही तोच छापून आला. जन्म कुठला, शिक्षण किती, पश्चात कोण कोण, सगळं त्यात आहे. ते मी परत लिहीत बसणार नाही. मला तुझ्याशी बोलायचंय, आणि खरं सांगायचं तर भांडायचंय. आपलं एक भांडण अर्धवट राहिलंय. भांडण अर्ध्यावर टाकून उठायची तुझी जुनीच खोड. कधी ताट वाढलंय म्हणून उठायचास, कधी फोन आला म्हणून. या वेळी मात्र हद्द केलीस.

होडीचं खूळ तुझ्या डोक्यात कधी शिरलं ते मला पक्कं आठवतं. वैशाखात आपण चितेगावच्या आपल्या फायबरच्या टाक्यांच्या शेडवरचं काम पहाटेच उरकायचो, कारण ऊन चढलं की रेझिन मग्यातल्या मग्यात तापून दगड व्हायचं. काचेची मॅट अंथरायची, तिला रेझिन पाजायचं, रोलर फिरवून हवा काढायची. दोघंही घामेघूम, हाताला काचेची कुसं टोचतायत. त्या दिवशी मोठी टाकी साच्यातून निघाली, आपण ती पालथी घातली आणि तू तिच्यावर चढून बसलास.

"मंदे," म्हणालास, "जन्मभर आपण पाणी साठवायच्या वस्तू केल्या. टँकर कधी येतो, किती घागरी पुरतंय, हेच मोजत आलो. एकदा असं पाणी बघायचंय जे मोजावं लागत नाय."

"ते पिता येत नाय."

"मंग काय झालं? बघता तर येतं."

"मालवणला जाऊन बघ की. एसटी जाती."

"काठावरून नाय," तू म्हणालास. "मधी जाऊन. एकट्यानं. आपण केलेल्या होडीत."

मला वाटलं, ऊन लागलं. पण संध्याकाळपर्यंत तू शेडच्या भिंतीवर खडूनं होडी काढली होतीस आणि आपले कारागीर रशीदभाई तिच्यापुढे कमरेवर हात ठेवून उभे होते. जायचं ठरलं थेट मॉरिशसला. मॉरिशसलाच का, याचं कारण तू प्रत्येकाला वेगळं सांगायचास. खरं कारण मला माहीत आहे. तिथं मराठी बोलणारी माणसं आहेत, हे तू कुठंतरी ऐकलं होतंस. "एवढं लांब जाऊन उतरल्यावर पहिला तांब्या पाणी आपल्या भाषेत मागता आला पायजे," म्हणाला होतास. समुद्र ओलांडून जाणाऱ्या माणसाची पहिली काळजी काय, तर तिथं पाणी कसं मागायचं. मराठवाड्याचा माणूस तो हाच.

तू वेडा होतास, पण तुझ्या वेडात कुणाचं नुकसान नव्हतं, हे मला तुझ्या तोंडावर सांगायला जड जायचं. आता सांगते. सासर सोडून मी पिशवी घेऊन तुझ्या दारात आले, तेव्हा सगळ्या नात्यानं मला काय काय विचारलं. तू एक शब्द विचारला नाहीस. दुसऱ्या दिवशी सकाळी शेडची किल्ली माझ्यापुढं ठेवलीस आणि म्हणालास, "मला लवकर उठायचा कटाळा येतो. तू उघडत जा." तेव्हापासून शेड मीच उघडते. लवकर उठायचा तुला कधीच कंटाळा नव्हता, हे कळायला मला बरेच दिवस लागले.

पहिल्या होडीची गोष्ट लोक अजून हसत सांगतात. सांगू देत, मीही सांगते. आपण पडलो टाकीवाले. टाकी आतून गुळगुळीत लागते, कारण पाणी आत असतं आणि शेवाळ धरता कामा नये. म्हणून टाकीचा साचा आतल्या अंगाला ठेवतात आणि काम त्याच्यावरून, बाहेरून चढवत नेतात. बाहेरची बाजू खरबरीत राहिली तरी कोण बघतंय? हातांना वर्षानुवर्षांची सवय. होडीचा साचाही आपण तसाच केला, आणि तू, मी, रशीदभाई, तिघांपैकी एकालाही शंका आली नाही. होडी साच्यातून निघाली ती आतून लख्ख आरसा आणि बाहेरून फणस. रशीदभाईंनी बाहेरून हात फिरवला, मग आत फिरवला, आणि म्हणाले, "वसंतभाई, ये तो टंकी बन गई. अब समंदर कू इसके अंदर बैठना पडेंगा."

मला रडू आलं, कारण अख्खा हिवाळा त्यात गेला होता. तू जमिनीवर बसून हसत होतास. डोळे पुसून म्हणालास, "पहिला नग हाय. रिवाज तो रिवाज." आपल्या शेडचा रिवाज तूच घातला होतास: नव्या साच्यातला पहिला नग विकायचा नाही, कुणाच्या तरी पाण्याच्या सोयीला द्यायचा. कधी तो शाळेला गेला, कधी दर्ग्याला, कधी एखाद्या वस्तीला. ती होडी आपण गावाबाहेरच्या माळावर, मेंढपाळांच्या वस्तीशी नेऊन टेकवली आणि नळ जोडून दिला. गुरांना, शेळ्या-मेंढ्यांना पाणी प्यायची हाळ झाली तिची. आतली बाजू गुळगुळीत असल्यानं शेळ्यांना ती फार मानवली. आता त्या भागात पत्ता सांगताना लोक म्हणतात, होडीच्या हाळीपासून डावीकडं वळा.

दुसरी होडी नीट झाली. बाहेरून गुळगुळीत, आतून खरबरीत. तरी आपल्यातला टाकीवाला गेला नाही. टाकी गळते का हे बघायला आपण ती भरून ठेवतो, बाहेरून रांगोळी फासतो आणि कुठं ओलं दिसतं ते बघतो. होडीलाही आपण तेच केलं. शेडमध्ये ओंडक्यांवर होडी, होडीत काठोकाठ पाणी आणि बाहेरून रांगोळी फासणारे आपण दोघं. दत्ताभाऊ तेव्हा आले होते. दारातच थांबून म्हणाले, "लोक होडी पाण्यात घालत्यात. ही भावंडं पाणी होडीत घालाय लागली." पण दादा, एक थेंब गळला नाही. तुझी छाती अशी फुगली होती की शर्टाचं बटण तुटलं, आणि ते मी लावून दिलं.

लांबीला दोन खाटा सलग ठेवल्या एवढीच ती. आत उभं राहता येत नाही, बसलं तर डोकं छताला लागतं. आपलं मात्र लागत नाही. आपल्या घराण्याची उंची आयुष्यात पहिल्यांदा कामाला आली. शाळेत आपण दोघंही रांगेत पुढं उभे असायचो, लग्नाच्या फोटोत आपल्याला स्टुलावर चढवायचे. म्हणून तू तिचं नाव 'ठेंगणी' ठेवलंस. वहिनी म्हणाली, "काहीतरी देवाचं नाव ठिवा." तू म्हणालास, "देवाला कायला बुडवायचं?"

आणि तुला लागायची बोट! हे मी पेपरवाल्यांना सांगितलं नाही, पण इथं लिहिणार. मालवणला शीड शिकायला आपण दोघं गेलो. मी आपली तुला सोबत म्हणून आले होते. पहिल्या दिवशी तू कठड्यावर ओणवा होऊन पोटातलं सगळं समुद्राला देऊन टाकलंस आणि सुकाणू माझ्या हातात आलं. ते पुढं माझ्याच हातात राहिलं. वारा कुठून येतोय हे मला गालावर कळायचं, आणि शिकवणारा तुझ्याकडं बघून म्हणायचा, "काका, तुमच्या बहिणीला पाठवा." तू हिरवटलेल्या तोंडानं बडीशेप चघळत म्हणायचास, "तिला कशाला, मी हाय की." तेव्हापासून बडीशेपेची पुरचुंडी तुझ्या खिशात कायम. पाचव्यांदा गेलास तेव्हा ओकाऱ्या थांबल्या. मला अभिमान वाटला होता. सांगायचा राहून गेला.

आता शिशावर येते. आपलं खरं भांडण ते.

होडी एवढीशी, मोठी लाट आली की पालथी होणारच. प्रश्न एवढाच की मग ती आपली आपण सरळ होते का. त्यासाठी तळाच्या कण्यात वजन लागतं. मी म्हणत होते, शिसं घाल. तू म्हणायचास, शिसं हे नुसतं ओझं, होडी रेंगाळेल. त्यापेक्षा तळाशी पिण्याच्या पाण्याच्या टाक्या बसवू, पाणीच वजन होईल. टाकीवाल्याची अक्कल! जगातल्या कुठल्याही अडचणीवर तुझा उपाय एकच, टाकी.

"पाणी तू पिणार," मी म्हणायचे. "जसं जसं पिशील तशी होडी हलकी. शेवटाला तू थकलेला, टाक्या रिकाम्या, आन तव्हाच लाट आली तर?"

"रिकामी झाली की समुद्राचं पाणी भरीन."

"ओकाऱ्या काढत काढत भरशील?"

"मंदे, तुला माझ्यावर भरोसाच नाय."

"थकलेल्या माणसावर नाय. ताज्या माणसावर हाय. टाकी भरून तपासत्यात दादा. होडी रिकामी करून तपासायची असती."

हे वाक्य तुला झोंबायचं. जेवताना सुरू झालेलं भांडण हात वाळेपर्यंत चालायचं. शेवटी वहिनी मधे पिठल्याचं पातेलं ठेवून म्हणायची, "शिसं बास झालं. आता हे घ्या." भरल्या टाक्यांनी ठेंगणी पालथी घालून तू एकदा दाखवलीसही. आत माणूस नव्हता, वाळूची पोती होती. ती टुणकन सरळ झाली आणि तू माझ्याकडे असं बघितलंस की जणू मॉरिशसला पोचलास. "आता रिकामी करून दाखव," मी म्हणाले, "आन आत माणूस बसवून." त्यावर तुझं उत्तर ठरलेलं: बघू.

बघू, बघू करत दिवाळी गेली. मध्ये वैजापूरच्या मार्केट यार्डात टाक्या बसवायचं काम निघालं आणि मी तिथं मुक्कामाला गेले. परत आले तर तू ठेंगणीच्या तळाला नवा लाल रंग दिलेला. मी चिडले. जुना रंग चांगला असताना पुन्हा डबा फोडायची काय गरज? तू म्हणालास, "नीट बसला नव्हता." रशीदभाई रोलर धुण्यात एकदम गर्क.

मग हुरड्याचे दिवस आले. तू मित्राच्या शेतावर गेलास, पोटभर खाल्लंस, दुपारी घरी येऊन वहिनीला म्हणालास, "जरा पडतो." आणि उठला नाहीस. डॉक्टर म्हणाले, त्रास झाला नसेल. लोकही तेच म्हणतात, पुण्यवान मरण. असेल. मला राग येतो. जरा पडतो म्हणून कुणी असं जातं का? त्या सकाळी तुझा फोन आला होता. "पुढच्या हप्त्यात पैठणला नेऊ. टाक्या रिकाम्या ठेवून. मीच आत बसतो. आता बास?" मी म्हणाले, "बास." मला वाटलं, माझं तोंड बंद करायला म्हणतोयस.

तर दहाव्याला मी ट्रे घेऊन उभी होते, तिथून पुढचं सांगते. सगळे गेल्यावर वहिनीनं मला स्वयंपाकघरात बसवलं. मला वाटलं रडेल. ती लसूण सोलत होती. म्हणाली, "वन्सं, चौथऱ्यावर राहिली तर ती दिसंल तरी मला. फाट्यावरून जाता-येता." माणूस गेल्यावर बाईला काहीतरी डोळ्यांपुढं हवं असतं. मी म्हणाले, थोडं थांबा, तळ कापून शिसं घालते, मग चाचणी घेऊ. थोडं हा शब्द ऐकल्याबरोबर तिनं लसणीची पाकळी ताटात टाकली.

"सात वर्सं मी 'थोडंच राहिलं' ऐकत आले. आता नाय. ह्यांनी पैठणला न्यायचं ठरवलं होतं ना? न्या. तेराव्यानंतर लगीच. जशी हाय तशी. पालथी होऊन सरळ झाली तर तुमची. नाय झाली तर दत्ताभाऊजींना दिऊन टाकते. आन ह्यावर परत बोलायचं नाय."

झालं का दादा! मी माझ्याच बोलण्यात अडकले. टाक्या भरून नेल्या की ठेंगणी सरळ होणार, हे मी डोळ्यांनी बघितलं होतं. आणि रिकाम्या नेल्या की पालथीच राहणार, हे तर मीच तुला इतकी वर्षं ओरडून सांगत होते. टाक्या तळाशी, आतून बंद. भरल्या की रिकाम्या, बाहेरून कुणाला कळणार नव्हतं. ट्रकवर चढवायच्या दिवशी सकाळी मी शेडमध्ये नळाची नळी हातात घेऊन उभी राहिले. नुसती तोटी फिरवायची, की होडी माझी.

रशीदभाई दारात येऊन बघत होते. म्हणाले, "क्या सोच रहे ताई?"

"भरू का?"

"मेरेकू कायकू पूछते? खाली रखने की बात आपकीच थी ना."

मी नळी गुंडाळून खुंटीला अडकवली. तुझ्याशी इतकं भांडले ते खरं मानून भांडले. तू नाहीस म्हणून मी ते बदलायचं, हे काही पटेना. आणि दुसरं, समुद्राला काही वहिनीची अट माहीत नाही. त्याला भरलेली दाखवून फसवलं तरी तो एक दिवस रिकामी गाठणारच.

पैठणचा नाथसागर चांगला भरलेला होता. लांब उथळ पाण्यात पक्षी उतरले होते. मासेमारीवाल्यांनी त्यांची होडी मदतीला आणली, काठावर ट्रॅक्टर उभा केला. दत्ताभाऊ आले होते ते हातात टेप घेऊन, चौथऱ्यासाठी होडीचं माप घ्यायला. वहिनी दगडावर पदर घट्ट आवळून बसली होती. ठेंगणी पाण्यात सोडली आणि मी चरकले. मागच्या साली रिकामी असताना पाणी जिथवर आलं होतं, तिथं मी खिळ्यानं रेघ ओढून ठेवली होती. ती रेघ दिसेना. चांगली चार बोटं पाण्याखाली गेली होती. मला वाटलं, गळतेय. आत शिरून तळ चाचपला, कोरडा ठणठणीत. टाक्या वाजवून बघितल्या, दोन्ही पोकळ. रशीदभाईंना हाक मारून विचारलं, ही इतकी खाली का बसलीय? ते आभाळाकडं बघत म्हणाले, "आप जाव ताई अंदर. बाद में बात करेंगे."

मी तुझ्या जागेवर बसले. पट्टे आवळले. ते तुझ्या मापावर शिवलेले, मला एका बोटाचाही फरक करावा लागला नाही. रशीदभाईंनी झाकण लावलं आणि वरून दोनदा थाप मारली, टाकी गाडीत चढवल्यावर मारतात तशी. डोलकाठी काढलेली होती. पोटाखालून घेतलेला दोर ट्रॅक्टरनं ओढायला सुरुवात केली आणि ठेंगणी कलायला लागली.

भीती वाटली का, तर हो, खूप वाटली. अंगातलं सगळं रक्त तोंडाशी आलं. खिडकीतून नुसतं हिरवं पाणी दिसत होतं, आणि मी पट्ट्यांना वटवाघळासारखी लोंबत होते. बाहेरचे आवाज बंद झाले. दोर सैल पडल्याचं कळलं. आता होडी होती आणि मी होते, बाकी कुणाचा हात नव्हता. ती हलेना. मी मनात म्हणाले, दादा, बघ, मी म्हणत होते ना. आणि त्याच दमात म्हणाले, चुकीची ठरव मला. एकदा तरी मला चुकीची ठरव.

तेवढ्यात तोंडाला काहीतरी बारीक-बारीक येऊन चिकटायला लागलं. कप्प्यात तुझी पुरचुंडी राहिली होती, ती सुटली होती. बडीशेप! आधी ती खाली गेलेल्या छतावर सांडली होती. आता ती घरंगळून माझ्या गालावर, मानेवर येत होती. ती घरंगळतेय म्हणजे छत तिरकं झालंय, हे माझ्या ध्यानात यायला एक क्षण गेला. मग कण्यानं वर एकदम हिसका दिला आणि खिडकीत हिरव्याच्या जागी लख्ख ऊन. ठेंगणी दोनदा डुलली आणि उभी राहिली.

झाकण उघडून मी डोकं बाहेर काढलं तेव्हा काठावर ट्रॅक्टरवाला शिट्ट्या मारत होता. दत्ताभाऊ टेप गुंडाळत होते. मी रशीदभाईंना तिथूनच ओरडून विचारलं, "कण्यात काय घातलंय?"

"सीसा," ते म्हणाले. "आप वैजापूर कू थे तब. नीचे से खोल के डाले, बंद करके लाल रंग मारे. उनो बोले थे, मंदा कू नक्को बताओ, सर पे चढ़ जाती. टेस्ट के दिन मैंच बोलूंगा."

"आन तुम्ही मला आधी का नाय सांगितलं?"

"जबान दिया था ना ताई. और पहले बोलता तो आप अंदरच नै जाते. बोलते, हो गया, क्या टेस्ट करना."

खरं आहे ते. आणि मग मला इतकं रडू आलं की मासेमारीवाल्यांनी घाबरून होडी जवळ आणली. तू गेल्यापासून मी रडले नव्हते, दादा. लोक म्हणत होते, बाई दगड आहे. तू फोनवर रिकाम्या टाक्या म्हणालास ते माझं तोंड बंद करायला नव्हतं. तू हरलास आणि हरल्याचं मला सगळ्यांसमोर दाखवणार होतास, स्वतः आत बसून, उलटा लटकून. दोन शब्दांत सांगता आलं असतं की, मंदे, तुझं बरोबर होतं. पण सांगितलं असतंस तर तो तू कसला? आपल्या घरात चुकलो म्हणायची पद्धतच नाही. आपण गुपचूप तळ उघडून शिसं घालतो आणि वरून रंग देतो.

वहिनी पाण्यात घोट्यापर्यंत आली होती. तिनं मला काठावर बसवलं, टॉवेल दिला आणि माझ्या केसांतून एक एक बडीशेप वेचायला लागली. वेचून मुठीत धरत होती, टाकत नव्हती. मग दत्ताभाऊंना म्हणाली, "भाऊजी, पाटी करायला टाकली का?"

"टाकली वहिनी. पर आता..."

"वाया नाय जायची. हाळीला लावा. ह्यांचा पयला नग तिथंच हाय. रोज शंभर जित्राबं पाणी पित्यात. आजून कसलं स्मारक पायजे?" मग माझ्याकडं वळून, आवाज जरा उतरवून म्हणाली, "वन्सं, दिलेला शब्द हाय. न्या. पर मधी मधी फोन करत जावा. तिथं रेंज नसंल तरी करत जावा."

आम्ही परत येताना हाळीशी थांबलो. शेळ्या पाण्यावर आल्या होत्या. वहिनी खाली उतरून होडीच्या आतल्या गुळगुळीत अंगावरून हात फिरवत उभी राहिली. मी तिला तिथं एकटीला राहू दिलं.

तर दादा, असं आहे. उद्या उठून मी मॉरिशसला निघणार नाही, घाबरू नकोस. आधी ठेंगणी मालवणला नेणार, किनाऱ्याकिनाऱ्यानं फिरवणार, मग एक रात्र, मग चार रात्री. मला घाई नाही आणि मी बघू म्हणत नाही. वारा बरोबर असेल त्या हंगामात मी निघेन. मला बोट लागत नाही, तरी तुझी बडीशेप मी कप्प्यात परत भरून ठेवलीय. वहिनीनं वेचलेली तेवढी तिच्याकडं आहे. तिकडं उतरले की पहिला तांब्या पाणी मराठीत मागीन आणि त्यातला पहिला घोट तुझ्या नावानं जमिनीला देईन. राहिलेलं सगळं मी पिणार, तहान लागलेली असेल.

आणि एक. काल मी रशीदभाईंना पुन्हा खोदून विचारलं, शिसं नक्की किती घातलंत. ते आधी सांगेनात, मग हसले. मी सांगत होते त्याच्या निम्मं. म्हणे, तू म्हणाला होतास, सगळं घातलं तर तिला वाटेल सगळंच तिचं बरोबर. दादा, निम्म्यावर ती सरळ झाली, पण उशिरा झाली. उशीर किती होता ते लटकलेल्या माणसाला विचार. आज सकाळी शेड उघडली, ठेंगणी ओंडक्यांवर घेतली आणि तळाचा लाल रंग घासायला सुरुवात केलीय. उरलेलं निम्मं मी घालतेय.